जिंकलेली रक्कम अडते कोठे?

इंटरनेटवरील जुगारघरांनी, म्हणजे ऑनलाईन कॅसिनोंनी, बिटकॉइनसारख्या आभासी चलनाचा स्वीकार केला, तेव्हा 'पैसे काही मिनिटांत आपल्या हाती' हे त्यांच्या जाहिरातींचे ब्रीद झाले. पैसे भरण्याचे काम खरोखरच मिनिटांत होते. जिंकलेली रक्कम काढू पाहणाऱ्यास मात्र दिवसेंदिवस तिष्ठत बसावे लागते, अशी देशोदेशींच्या खेळाडूंची तक्रार आहे. विचारणा केल्यास 'नेटवर्कवर गर्दी आहे' असे उत्तर येते. ते कितपत खरे आहे, हे तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बिटकॉइनचे व्यवहार ब्लॉकचेन नामक सार्वजनिक खतावणीत नोंदले जातात. सरासरी दर दहा मिनिटांनी नोंदींचा एक नवा गठ्ठा तिला जोडला जातो. गठ्ठ्यातील जागा मर्यादित असल्याने जो अधिक शुल्क देऊ करतो, त्याची नोंद सहसा आधी होते. सावधगिरी म्हणून सहा गठ्ठ्यांची वाट पाहिली, तरी तासाभराचा प्रश्न असतो. गर्दी होतच नाही असे नव्हे. २० एप्रिल २०२४ रोजी नव्या बिटकॉइनच्या निर्मितीचा दर निम्मा झाला आणि त्याच मुहूर्तावर 'रून्स' नावाची नवी टोकने निघाली, तेव्हा शुल्क भरमसाट वाढले होते. परंतु अशा दिवशीही पुरेसे शुल्क भरणाऱ्याचे काम अडले नाही. तेव्हा आठवडाभराच्या विलंबाचे खापर नेटवर्कवर फोडणे सहसा टिकत नाही.

याची कसोटी सोपी आहे. रक्कम खरोखर पाठविली गेली की त्या व्यवहारास अक्षरे व अंक मिळून एक लांबलचक क्रमांक मिळतो आणि तो कोणालाही इंटरनेटवर विनामूल्य पडताळता येतो. कॅसिनो हा क्रमांक देत नसेल, तर पैसे बहुधा तेथून निघालेलेच नाहीत. खेळाडूच्या खात्यावर दिसणारी शिल्लक हा कॅसिनोच्या वहीतील केवळ आकडा असतो; ते हाती आलेले चलन नव्हे.

मग विलंब होतो कोठे? काही प्रमाणात ओळख-तपासणीत, म्हणजे केवायसीमध्ये. काळ्या पैशास आळा घालण्यासाठी ही तपासणी आवश्यकच आहे. पण पैसे घेताना कागद मागायचा नाही आणि देताना मात्र पासपोर्ट, वीजबिल, छायाचित्र अशी एकामागून एक मागणी करायची, याला तपासणी म्हणावे की टाळाटाळ? ब्रिटनच्या जुगार आयोगाने २०१९ मध्येच असा दंडक घातला की, जी माहिती आधी मागता आली असती, तिच्यासाठी पैसे काढणाऱ्यास अडवू नये. बोनसच्या अटी हे दुसरे कारण. १,००० रुपयांच्या बोनसवर तीसपट खेळण्याची अट असेल, तर ३०,००० रुपयांचे डाव लावल्याखेरीज रक्कम मोकळी होत नाही.

तिसरे कारण आम्हांस सर्वांत गंभीर वाटते. रक्कम 'प्रलंबित' असताना काढण्याची विनंती मागे घेऊन त्याच पैशांनी पुन्हा खेळण्याची सोय अनेक कॅसिनो उपलब्ध ठेवतात. मध्यरात्री हताशपणे पडद्याकडे पाहत बसलेला माणूस ते बटण दाबतो आणि जिंकलेले सारे सकाळपर्यंत कॅसिनोकडे परत जाते. म्हणजे विलंब हाच धंद्याचा भाग ठरतो. ब्रिटनने २०२१ मध्ये ही सोय कायमची बंद केली, ती उगाच नव्हे.

आभासी चलन घेणारे कित्येक कॅसिनो परवाना दाखवितात तो व्हेनेझुएलानजीकच्या क्युरासाव या लहानशा बेटाचा. तेथे पूर्वी मोजके मूळ परवानाधारक इतरांना उपपरवाने देत असत आणि खेळाडूच्या तक्रारीस फारसा वाली नसे. २४ डिसेंबर २०२४ पासून तेथे नवा कायदा लागू झाला आहे. तरीही सात समुद्रांपलीकडे दाद मागणे सामान्य माणसास कितपत परवडेल, हा प्रश्न उरतोच.

आपल्या देशाने याबाबत कठोर मार्ग स्वीकारला. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाईन खेळ चालविणे, त्यांची जाहिरात करणे आणि त्यांचे आर्थिक व्यवहार हाताळणे यांवर बंदी घालणारा कायदा संसदेने संमत केला व त्यास २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्यास शिक्षा देण्याची तरतूद या कायद्यात नाही. मात्र परदेशी कॅसिनोत अडकलेली रक्कम परत मिळवून देणारी यंत्रणाही त्यातून उभी राहत नाही.

आणखी एक प्रकार वाचकांनी ध्यानी घ्यावा. 'रक्कम मोकळी करण्यासाठी आधी कर भरा', 'पडताळणीसाठी तेवढीच रक्कम पुन्हा जमा करा' असा निरोप आला, तर ती उघड फसवणूक समजावी. भरलेले पैसे बँकेतून वा यूपीआयने गेले असतील, तर १९३० या सायबर मदतवाहिनीवर ताबडतोब कळविल्यास ते वाटेत गोठविले जाण्याची काही आशा असते. बिटकॉइनच्या रूपाने एकदा गेलेली रक्कम माघारी फिरविण्याचा अधिकार मात्र कोणत्याही बँकेस नसतो.