चोरपावलांनी येणारा घाम

आमच्या वस्तीतील एक ताई चार घरची धुणीभांडी करतात. वय अडतीस. मध्यरात्री त्यांना जाग यायची ती घामाने भिजूनच. पोलके ओले, उशी ओली. थंडीच्या दिवसांतही तेच. शेजारणी म्हणाल्या, "अगं, पाळी जायची वेळ आली की असं होतंच." एका नातेवाइकाने कुठल्याशा प्रदर्शनातून 'चिनी औषध' म्हणून पुडी आणून दिली. ती चार महिने चालली. त्या पुडीचे पुढे काय झाले ते नंतर सांगू. आधी चिनी वैद्यक या घामाबद्दल काय म्हणते ते पाहू. ते जाणून घेण्यासारखे आहे.

चिनी भाषेत रात्रीच्या घामाला 'दाओ हान' म्हणतात. म्हणजे चोरटा घाम. माणूस झोपला की तो चोरासारखा येतो आणि डोळे उघडताच पसार होतो. दिवसा, श्रम न करता येणाऱ्या घामाला त्यांनी वेगळे नाव दिले आहे आणि त्याचा उपचारही वेगळा.

हे असे का होते? त्यांचे उत्तर जमाखर्चासारखे आहे. शरीरात 'यिन' म्हणजे गारवा व ओलावा, आणि 'यांग' म्हणजे उष्णता व हालचाल. दोन्ही बाजू जुळल्या की प्रकृती ठीक. अतिश्रम, जागरणे, बाळंतपणे, लांबलेले आजार आणि काळजी यांनी ओलाव्याची शिल्लक घटते. रात्री उष्णता आत उतरते, तिला धरून ठेवायला ओलावा पुरत नाही आणि तो घामावाटे बाहेर ढकलला जातो. तळहात, तळपाय व छातीत आग, कोरडा घसा, तांबडी व कमी थर असलेली जीभ, बारीक पण जलद नाडी या त्याच्या खुणा. उलट जिभेवर पिवळा, चिकट थर असेल आणि अंग जड वाटत असेल तर निदान वेगळे होते. म्हणून चिनी वैद्य जीभ व नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. हे पुडी विकणाऱ्याने विसरावे, आपण विसरू नये.

ओलावा वाढवण्यासाठी त्यांचे प्रसिद्ध औषध म्हणजे सहा वनस्पतींची गोळी, 'लिउ वेई दी हुआंग वान'. सोंग राजवटीतील बालवैद्य छिएन यी यांच्या १११९ सालच्या ग्रंथात ते आहे. मुळात ते मुलांसाठी होते. दुसरे औषध तर अगदी स्वयंपाकघरातले. पाण्यात टाकल्यावर वर तरंगणारा पोचट गहू आपण कोंबड्यांना टाकतो. चिनी लोक तो उकळून त्याचे पाणी घाम थांबवण्यासाठी देतात.

आहाराचे नियमही आहेत. मिरची, दारू, मटण आणि तळलेले कमी. मूग, नासपती, काळे तीळ जास्त. आपल्याकडे तीळ उष्ण समजतात, त्यांच्याकडे काळे तीळ शरीर भरून काढणारे. रात्री लवकर झोपण्यावर त्यांचा मोठा भर.

आमच्या पत्नीला पन्नाशीच्या सुमारास हा त्रास झाला. डॉक्टरांना दाखवून तो पाळी जाण्याचाच आहे याची खात्री करून घेतली. मग संध्याकाळचा चहा सोडला, जेवण हलके आणि लवकर केले, सुती चादर घेतली, दहाला दिवा बंद केला. त्रास गेला नाही, पण झोप लागू लागली. यात खर्च शून्य आणि धोकाही नाही.

सुयांच्या उपचाराबद्दल मात्र सरळ सांगितले पाहिजे. २०१६ साली ऑस्ट्रेलियातील एका चाचणीचा अहवाल आला. पाळी जाण्याच्या वयातील ३२७ स्त्रियांपैकी अर्ध्यांना खऱ्या सुया टोचल्या, अर्ध्यांना त्वचेत न शिरणाऱ्या खोट्या. दोन्ही गटांत त्रास जवळजवळ सारखाच, सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे आराम पडला, पण तो सुयांमुळेच असे म्हणता येत नाही.

वनस्पती म्हणजे निर्धोक, हाही भ्रमच. बेल्जियममध्ये १९९०च्या सुमारास वजन कमी करण्याच्या औषधात एका चिनी वनस्पतीऐवजी दुसरीच विषारी वनस्पती पडली आणि शंभराच्या आसपास लोकांची मूत्रपिंडे बिघडली. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या.

आता त्या ताईंकडे येऊ. आम्ही विचारले, "ताई, खोकला आहे का?" त्या म्हणाल्या, "आहे दादा, पण तो साबणाच्या पाण्याचा असेल." वजन? पोलकी सैल झाली होती. संध्याकाळी कणकण असायची. हे सगळे त्या लपवत होत्या, कारण कळले तर कामे सुटतील ही भीती. आरोग्य सेविकेने थुंकीची तपासणी करवली. क्षयरोग निघाला. पुडीने त्यांचे चार महिने खाल्ले होते.

गंमत अशी, की सायंकाळचा ताप, रात्रीचा घाम आणि झिजत जाणारे अंग ही क्षयाचीच लक्षणे जुन्या चिनी वैद्यांनी 'ओलावा कमी' या सदरात मांडली होती. चोराचे वर्णन त्यांनी अचूक केले. पण चोर जंतू आहे हे त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता. आज चीनमध्येही क्षयावर तीच जंतुनाशक औषधे देतात जी आपल्या सरकारी दवाखान्यात मिळतात.

म्हणून ध्यानात घ्या. घामासोबत दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप किंवा वजनात घट असेल तर आधी थुंकी तपासा. तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. साधारण सहा महिन्यांचा उपचार पूर्ण करावा लागतो. आहारासाठी २०१८ पासून दरमहा पाचशे रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी रात्री घाम फुटल्यास साखर उतरली आहे का ते तपासावे. थायरॉईड आणि काही औषधांमुळेही असा घाम येतो.

ताईंचे सहा महिने पुरे झाले. दोन कामे सुटली, दोन टिकली, आणि आता तिसरे मिळाले आहे. परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "दादा, उशी कोरडी असते आता."

भगिनींनो, मुगाचे पाणी प्या, लवकर झोपा. पण चोर कोण हे कळल्याशिवाय दुखणे अंगावर काढू नका.