लाल अक्षरांचा फंडा

तर मंडळी, पुणे-सातारा हायवेवर खेड-शिवापूरचा टोलनाका मागे टाकला की थोड्या वेळाने कापूरहोळ येतं. उजवीकडे भोर, डावीकडे नारायणपूर-सासवड. वीकेंडला आपण इथे चहा मारतो आणि केतकावळ्याच्या बालाजीला नाहीतर भोरला वळतो.

आता समजा, तुमच्यासारखाच हिंजवडीत जॉब करणारा एखादा भोरकर गावच्या आंबेमोहर तांदळासाठी रुबीमध्ये छोटंसं वेब अ‍ॅप्लिकेशन बनवतोय. काकांनी कापूरहोळच्या फाट्यावर उभं राहून मोबाइलवर नाव, नंबर, पिनकोड आणि किती किलो ते भरायचं; पुण्यातल्या ऑफिसवाल्यांनी ऑर्डर द्यायची. रेल्स घ्या नाहीतर सिनात्रा, एवढं काम दोन-तीन रविवारांत होतं. खरी परीक्षा काका काहीतरी वेगळं भरतात तेव्हा!

२००४ मध्ये आलेल्या रेल्सचा फंडा सिंपल आहे. डेटा चालेल की नाही हे मॉडेल ठरवणार. सेव्ह म्हटलं की आधी नियम तपासले जातात. एक जरी मोडला तरी सेव्ह नुसतं 'फॉल्स' परत देतं आणि तक्रारी त्याच ऑब्जेक्टच्या 'एरर्स'मध्ये जमा होतात. आरडाओरडा नाही, काही नाही. ते उत्तर न बघताच तुम्ही 'धन्यवाद, नोंद झाली' दाखवलंत तर काका खुशीत घरी जातात आणि डेटाबेसमध्ये त्यांचं एक पोतंही नसतं.

मग दाखवायचं काय? इथे अनेक जण रीडायरेक्ट करून मोकळे होतात. बॉस, रीडायरेक्ट म्हणजे नवी रिक्वेस्ट. जुना ऑब्जेक्ट गेला, त्याच्या तक्रारी गेल्या आणि काकांनी एका बोटाने टाइप केलेलं सगळं गेलं. कोरा फॉर्म दुसऱ्यांदा कोण भरणार? त्यामुळे तोच ऑब्जेक्ट घेऊन तोच फॉर्म पुन्हा रेंडर करा. भरलेलं जिथल्या तिथे राहतं आणि लाल अक्षरं नेमक्या चुकलेल्या रकान्याखाली देता येतात. सोबत स्टेटस ४२२ पाठवायला विसरू नका. डिसेंबर २०२१ च्या रेल्स ७ पासून टर्बो सोबतच येतं आणि फॉर्मच्या उत्तरात साधं २०० आलं तर ते नवं पान दाखवतच नाही. काका बटण दाबत राहतात, स्क्रीन ढिम्म.

आणि हो, चूक कुणाची हेही बघा. काकांनी मराठी कीबोर्डवर '५०' किलो लिहिलं. रुबीच्या रेगेक्समधला बॅकस्लॅश-डी फक्त इंग्रजी आकडे ओळखतो, आणि हाच '५०' टू-आय मधून काढला तर हाती येतो चक्क शून्य. 'आकडा चुकीचा आहे' असं काकांना सांगणं म्हणजे कमालच! व्हॅलिडेशनच्या आधी देवनागरी आकडे बदलून घ्यायला टी-आर मेथडची एक ओळ पुरते. तसंच पिनकोडचं. पुणे म्हणजे ४११ असा नियम लिहिलात तर ४१२ वाला भोर तालुका बाहेरच राहिला. वडिलांचं किंवा पतीचं नाव सक्तीचं करायचा मोहही आवरा. शंभूराजांची दूधआई धाराऊ याच कापूरहोळची, आणि तिला आपण साडेतीनशे वर्षांनंतरही एका नावाने ओळखतो.

मेसेज अर्थातच मराठीत हवेत. रेल्समध्ये लोकेलची फाइल त्यासाठीच असते. 'अवैध' वगैरे सरकारी शब्द नकोत. 'मोबाइल नंबर दहा आकडी हवा, तुम्ही नऊ भरलेत' असं लिहा.

सगळ्यात चकवा देणारी केस युनिकनेसची. नेट स्लो, काकांनी बटण दोनदा दाबलं. दोन रिक्वेस्ट एकदम पोचल्या, दोघींनी 'हा नंबर आधी आहे का?' विचारलं, दोघींना 'नाही' मिळालं, दोन्ही नोंदी झाल्या. मॉडेलमधला नियम इथे हतबल आहे. डेटाबेसमध्येच युनिक इंडेक्स लावा आणि त्याने फेकलेलं 'रेकॉर्ड नॉट युनिक' पकडून दुसऱ्या टॅपलाही 'तुमची नोंद झाली आहे' असंच दाखवा. अर्थात, बापलेकांचा नंबर एकच असेल तर तो युनिक ठेवायचा का, हे आधी गावात विचारून घ्या.