दान नव्हे, दासोह

किल्लारीच्या भूकंपावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यातला बराच भाग श्रद्धेच्या गौरवाचा आहे. अमुक मठ धावून आला, तमुक मिशनने गाव दत्तक घेतले, कुणा न्यासाने उघड्यावर पडलेल्यांना छप्पर दिले. हे सारे घडले. ते नाकारण्याचा कृतघ्नपणा कुणी करू नये. पण या गौरवाच्या भाषेत एक सोयीस्कर गृहीतक दडलेले असते: प्रेरणा पवित्र असली की घरही आपोआप चांगले होते. माझे भांडण या गृहीतकाशी आहे.

30 सप्टेंबर 1993 ची ती पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन आटोपून गावे झोपलेली. निलंग्याच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर जमीन हलली आणि सुमारे 8 हजार माणसे गेली. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि वर पिढ्यानपिढ्या पांढऱ्या मातीचे थर चढवत नेलेले माळवद यांनी ती मारली. पण जिथे लाकडी खणांचा सांगाडा धड होता, तिथे भिंती ढासळूनही छत खांबांवर तरले, हेही तितकेच खरे. पहिली गोष्ट सर्वांनी ऐकली, दुसरीकडे फार थोड्यांनी लक्ष दिले. जुने घर म्हणजे मरण आणि सिमेंटचे घर म्हणजे जीवन, इतके सोपे समीकरण तयार झाले आणि देणारे त्यावर विसंबले.

52 गावे नव्या जागी उठवली गेली. जागतिक बँकेच्या कर्जातून आणि देणगीदार संस्थांच्या हातून घरे उभी राहिली. त्या घरांचे माप कसे ठरले, ते पाहण्यासारखे आहे. भूमिहीनाला आणि हेक्टरभर जमीन असणाऱ्याला 250 चौरस फूट, त्यावर सात हेक्टरांपर्यंत 400, आणि त्याहून मोठ्या शेतकऱ्याला 750. भूकंपाने एका रात्रीत सर्वांना सारखे केले होते. कागदाने त्यांना पुन्हा जागच्या जागी बसवले. हिशेब सरकारी होता, मान्य. पण ईश्वरापुढे सारी माणसे समान आहेत असे ज्यांच्या प्रार्थनेत रोज येते, त्यांना तरी या तीन आकड्यांपाशी अडखळायला हवे होते. श्रद्धेचा उपयोग तिथे नाही, तर कुठे?

पुढचे ठाऊक असलेलेच आहे. सरळ रेषेतले रस्ते, एकसारख्या ओळी, ढाळज नाही, ओसरी नाही, जनावराला जागा नाही, कडबा ठेवायला परस नाही. मग लोकांनी दारापुढे पत्र्याची शेड उभी केली आणि संसार तिथे हलवला. पाहुण्यांना हा अडाणीपणा वाटला. मला ती घराच्या नकाशावरची टीका वाटते, न लिहिता केलेली.

या भागाला सेवेचे तत्त्वज्ञान बाहेरून आणण्याची गरज नव्हती. निलंग्याहून सीमा ओलांडली की बसवकल्याण येते. बाराव्या शतकात तिथे कायक आणि दासोह या दोन कल्पना एकमेकींना बांधून मांडल्या गेल्या. कायक म्हणजे प्रामाणिकपणे केलेले आपले काम हीच उपासना. दासोह म्हणजे त्या कामाचे फळ समाजाला परत करणे, तेही देणाऱ्याचा अहंकार न उरता. दानात देणारा वर असतो आणि घेणारा खाली. कमानीवर नाव कोरले जाते ते दात्याचे. दासोहात ही उतरंडच मोडते. निलंगा-औशाच्या पट्ट्यात हे शब्द आजही घरोघरी उच्चारले जातात, आणि तरी घरबांधणीला आपण दानच म्हणत आलो, ही माझी तक्रार.

कायक हा शब्द आणखी एक अट घालतो: काम नीट आले पाहिजे. तळमळीने ओतलेला स्लॅब गळायचा तो गळतोच. लॉरी बेकर हे क्वेकर पंथाचे, कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी भारतात आलेले. पिठोरागढच्या डोंगरात ते सुमारे 16 वर्षे राहिले आणि तिथल्या साध्या माणसांच्या घरांकडून बांधकाम नव्याने शिकले. त्यांची श्रद्धा त्या शिकण्यात दिसते. अमेरिकेत मिलर्ड फुलर यांनी 1976 मध्ये हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी सुरू केली, तीही बायबलच्या आधारावर. पण घर फुकट द्यायचे नाही, बिनव्याजी कर्जाने द्यायचे आणि त्या कुटुंबाने बांधकामावर स्वतः राबायचे, हा नियम ठेवून. आपल्याकडचे इर्जिक याहून निराळे काय आहे?

उलट टोकाचे लोकही आहेत. त्यांच्या मते घर हा नागरिकाचा हक्क, तो सरकारने पुरवावा, धार्मिकांनी त्यात हात घालू नये. हक्काचे मला पटते, हात न घालण्याचे नाही. गाडगेबाबांनी देऊळ बांधले नाही, धर्मशाळा बांधल्या. त्या सरकारी खात्याची वाट पाहत राहिल्या असत्या तर वारकऱ्याने आणि आजाऱ्याच्या नातलगाने रात्र कुठे काढली असती?

भूकंपानंतरच्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग फारसा छायाचित्रांत आला नाही. लाखाहून अधिक घरे पाडली गेली नाहीत; मालकांनीच हप्त्याहप्त्याने पैसे घेऊन ती दुरुस्त आणि भक्कम केली. गावोगावच्या बायका संवाद साहाय्यक झाल्या, आणि स्वयं शिक्षण प्रयोगसारख्या संस्थेने त्यांना बळ दिले. त्यावर कुणा दात्याची कमान उभी राहणे शक्यच नव्हते.

आज पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान माप 25 चौरस मीटर आहे, म्हणजे 269 चौरस फूट. भूमिहीनाच्या जुन्या 250 हून जेमतेम पुढे. अडचण बहुधा विटांपाशी येतही नाही. जागा नावावर नसते, नमुना आठवर मेलेल्या सासऱ्याचे नाव असते, हप्ता पायाशी अडतो आणि तोवर वाळूचा भाव चढलेला असतो. ज्याला घरबांधणीत आपले ईश्वरी कार्य सापडले आहे असे वाटते, त्याने एखाद्या विधवेबरोबर पंचायत समितीत चार खेपा घालाव्यात. पाचव्या खेपेलाही तो आला, तर त्याच्या श्रद्धेविषयी मी बोलायला तयार आहे.