पडदा बघावा की रस्ता?

1997 साली जपानमध्ये टोयोटाची ‘प्रियस’ आली. तिच्या पडद्यावर इंजिन, मोटर व बॅटरी यांतील ऊर्जेचा प्रवास दिसू लागला. ब्रेक लावला की बॅटरी चार्ज होते, हे हायब्रिड गाडीतल्या अशा चित्रावरून मुलांना सहज समजते. तेवढ्यापुरता हा पडदा उत्तम शिक्षक आहे.

परंतु ताशी 60 कि.मी. वेगात दोन सेकंद नजर हटली, तर गाडी 33 मीटर आंधळेपणाने पुढे जाते. बैहरच्या घाटात तेवढ्यात वळण येते. म्हणून हॉर्न, वायपर, इंडिकेटर यांना हाताला लागणारी बटणेच हवीत. ‘युरो एनकॅप’ ही युरोपातील संस्थाही 2026 पासून सुरक्षिततेचे गुण देताना हे पाहते.

गाडी घेताना पालकांनीही पाहावे. चित्र मुलांनी बघावे, चालवणाऱ्याने रस्ता!