भिंतीच्या नांग्या कधी भरणार?



उसाच्या सरीत दोन हात जागा मोकळी दिसली की आपला जीव राहत नाही. महिना-दीड महिन्याच्या आत रोपे आणून आपण नांग्या भरतो. परंतु त्याच रानातील मोटारघराच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली, तर 'बघू पुढच्या बिलाला' म्हणून तीच भिंत चार वर्षे तशीच उभी राहते. फार झाले तर गवंडी बोलावून वरून सिमेंट फासायचे आणि विसरून जायचे. ही रीत आम्हांस चुकीची वाटते, म्हणून आजचा हा विषय.

गटात हिंडताना घडलेली एक गोष्ट सांगतो. एका वडीलधाऱ्या सभासदांचे मोटारघर सिमेंट ब्लॉकचे, काळ्या रानात बांधलेले. पाया जेमतेम दीड फूट. कोपऱ्यावर पायऱ्या-पायऱ्यांची भेग होती. पावसाळ्यात एका रात्री तो कोपरा खचला आणि भिंत स्टार्टरवर कोसळली. रात्रीच्या विजेवर मोटार चालू करायला गेलेला त्यांचा मुलगा नुकताच घरी परतला होता, म्हणून निभावले. आम्ही गेलो तेव्हा ते म्हणाले, "साहेब, तीन उन्हाळे बुजवली होती की हो! सिमेंटच भेसळीचं असणार."

"तात्या, हा पाट केव्हापासून इथून जातो?" आम्ही विचारले.

कोपऱ्यापासून दोन फुटांवर पाट, आणि पाइपाच्या सांध्यातून बारमाही गळती. सिमेंट बिचारे निर्दोष होते! आणि खरे सांगायचे तर ती भेग आम्हीही पाहिली होती. ऊस नोंद घेतली आणि निघून आलो. आमचीही चूक झालीच.

काळी माती पाणी पिते तेव्हा फुगते आणि वाळते तेव्हा आकसते. उन्हाळ्यात रानाला पडणाऱ्या भेगा आपण जन्मभर पाहतो. पाया त्याच थरात असेल तर तोही तिच्याबरोबर वर-खाली होतो. सगळी भिंत सारखी हलली तर एक वेळ चालेल, पण पाटाकडचा कोपरा ओला आणि दुसरा कोरडा राहिला की ब्लॉकचे सांधे फाटणारच. तेव्हा आधी पाणी हटवा, मग भेग बुजवा. आमचे सांगणे एवढेच आहे.

भेगही वाचता आली पाहिजे. गिलाव्यावर केसासारख्या बारीक रेघांचे जाळे असेल तर घाबरू नका. माल जास्त सिमेंटचा झाला असेल किंवा पाणी कमी मारले असेल. खांब आणि ब्लॉक यांच्या सांध्यात उभी भेग दिसली, तर ती बहुधा दोन निरनिराळ्या वस्तू कमी-जास्त आकसल्यामुळे पडते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली तर लिंटेल आहे का आणि दोन्ही बाजूंना पुरेसे टेकले आहे का, ते पाहा. सांध्यासांध्याने पायऱ्यांसारखी चढणारी भेग मात्र बहुतेक वेळा पाया खचल्याची खूण असते. तिच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहा, मधली रुंदीही मोजून ठेवा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. वाढत असेल तर ती भेग जिवंत आहे. तिच्यावर सिमेंट फासणे म्हणजे वाळवी लागलेल्या सरीत पुन्हा तेच बेणे लावणे.

आता दुरुस्तीकडे वळू. पाट भिंतीपासून दूर न्या, गळका सांधा बदला. भिंतीभोवती अडीच-तीन फूट रुंद, बाहेर उताराचा कोबा करा. भेगेत पिंपळाचे रोप आले असेल तर मुळासकट काढा, नुसते वरून खुडू नका. मोटारघरात छिन्नी चालवण्यापूर्वी मेन स्विच बंद करा, हे विसरू नका.

वाढ थांबलेली भेग छिन्नीने इंचभर रुंद आणि तितकीच खोल उघडा. तारेच्या ब्रशने धूळ काढा, पाणी शिंपडा, सिमेंटची रबडी फासा आणि एकास तीन मालाने दाबून भरा. खांबाच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जाईल अशी कोंबडी जाळी ठोकून मगच गिलावा करा. निदान सात दिवस पाणी मारा. ब्लॉकच फुटला असेल तर तो काढून नवा बसवा. मात्र नवा ब्लॉक विटेसारखा भिजत घालू नका, ओला बसवलेला ब्लॉक वाळताना आकसतो आणि पुन्हा भेग देतो. पाइपाभोवतीच्या फटीही भरून घ्या. तेथूनच उंदीर शिरतो आणि त्याच्या मागे साप. हे काम पावसाळा ओसरल्यावर काढावे, म्हणजे ऊन मवाळ असते आणि माल चांगला मुरतो.

एक मर्यादा मात्र ओळखली पाहिजे. ओळंबा सोडल्यावर भिंत झुकलेली दिसली, भेग आरपार असली किंवा बोट आत जात असले, तर तेथे गवंड्याच्या अंदाजावर राहू नका. माणसे बाहेर काढा आणि जाणत्या इंजिनिअरला दाखवा.

काही सभासद म्हणतील, "खतालाच पैसा पुरत नाही, भिंतीला कुठून आणू?" प्रश्न खरा आहे. पण पाट वळवायला खोरे लागते, पैसा नव्हे. गळता सांधा बदलण्याचा खर्च खताच्या एका पोत्याहूनही जास्त असेल असे नाही. कोसळलेली भिंत, जळलेला स्टार्टर आणि ऐन उन्हाळ्यात पाण्यावाचून वाळलेला ऊस यांचा हिशेब मांडून पाहा. माणसाच्या जिवाचा हिशेब तर मांडताच येत नाही.

आम्ही शेतीची पदविका घेतलेली माणसे, बांधकामातले जाणकार नव्हे. तरीही यापुढे आमचे कर्मचारी ऊस नोंदीला येतील तेव्हा मोटारघराची भिंतही त्यांना दाखवा. भेगेवर तारीख घालायला ते मदत करतील, तेवढे आमच्याकडून नक्की होईल. पाट वळवण्याचे काम मात्र आपल्यालाच करायचे आहे. उसाच्या नांग्या भरण्यात आपण कोणाला हार जात नाही. तीच नजर थोडी वर, भिंतीकडेही जावी, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी