अवयव पाडणे कोठे थांबवावे?

आठवीत बैजिक राशींचे अवयव आणि नववीत अवयव सिद्धांत शिकवून झाल्यावरही वर्गात एक प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही, तो म्हणजे हे काम कोणत्या पायरीवर संपले असे मानायचे. क्ष⁴ − १६ चे (क्ष² − ४)(क्ष² + ४) असे अवयव पाडून थांबणारा विद्यार्थी चुकतो हे सर्वांनाच दिसते, कारण पहिल्या कंसात आणखी एक वर्गांतर, म्हणजे दोन वर्गांची वजाबाकी, शिल्लक असते. परंतु (क्ष − २)(क्ष + २)(क्ष² + ४) येथे थांबणे योग्य की अयोग्य, हे सहगुणक कोणत्या संख्यासंचातून घ्यायचे यावर ठरते, आणि संमिश्र संख्या चालत असतील तर क्ष² + ४ चेही दोन रेषीय अवयव पडतात. संच न सांगता ‘पूर्ण अवयव पाडा’ म्हणणारी प्रश्नपत्रिका, काटेकोरपणे पाहता, अर्धाच प्रश्न विचारते.

याहून मोठा घोटाळा मूळ आणि अवयव यांच्या संबंधाबाबत होतो. मूळ म्हणजे जी किंमत घातल्यास बहुपदी शून्य होते ती संख्या. प्रत्येक मूळ एक रेषीय अवयव देते, आणि त्यावरून मूळ सापडले नाही की बहुपदी अविभाज्य ठरवण्याची सवय जडते. द्विघाती व त्रिघाती बहुपदींपुरती ती बिनधोक आहे, कारण तीन घातांची दोन अवयवांत वाटणी केली की त्यांतील एक रेषीय निघतोच. चतुर्घाती बहुपदीत मात्र दोन द्विघाती अवयव मुळांविना नांदू शकतात. क्ष⁴ + ४ ला एकही वास्तव मूळ नाही. तरीही तीत ४क्ष² मिळवून तेच वजा केले की (क्ष² + २)² − (२क्ष)² हे वर्गांतर मिळते आणि (क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २) असे पूर्णांक सहगुणकांचे अवयव हाती येतात. दोहोंचा विवेचक −४, म्हणजे ऋण असल्याने वास्तव संख्यांपुरते काम येथे खरोखर संपते.

क्ष⁴ + अ⁴ चे वास्तव सहगुणकांचे द्विघाती अवयव पडत नाहीत, असे १७०२ मध्ये खुद्द लाइब्निट्झने प्रतिपादले होते, तेव्हा विद्यार्थ्यांवर फार रागावण्याचे कारण नाही. क्ष⁴ + १ हे (क्ष² + √२क्ष + १)(क्ष² − √२क्ष + १) असे फुटते, मात्र √२ अपरिमेय असल्यामुळे परिमेय संख्यांवर तीच बहुपदी अविभाज्य राहते.

यास्तव उत्तराच्या शेवटच्या ओळीखाली थांबण्याचे कारण लिहून घ्यावे, भले ते ‘विवेचक ऋण’ एवढेच असो, आणि गुणदानात त्यासाठी एक गुण राखून ठेवावा.