लक्ष्मीबाईंना सावली म्हणू नका

आमच्या धर्मग्रामात एखादी माऊली देवाघरी गेली की तिच्याविषयी बोलावयाची वाक्ये जणू आधीच ठरलेली असतात. ती प्रेमळ होती, सोशिक होती, पतीच्या पाठीशी सावलीसारखी उभी राहिली, मुलाबाळांसाठी झिजली. यात खोटे काही नसते. परंतु ती कोणत्या प्रश्नाशी एकटी झुंजली, कशाला ठाम नकार दिला, कशावर पोट धरून हसली, हे कोणी सांगत नाही. माणूस जाते आणि मागे विशेषणे उरतात.

हाच न्याय लक्ष्मीबाई टिळकांनाही लावला जातो. आमची तक्रार नेमकी तीच आहे.

लक्ष्मीबाईंची दोन चित्रे आपल्याकडे रूढ झाली आहेत. एक व्यासपीठावरचे: रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या मागोमाग ख्रिस्ताकडे आलेली पतिव्रता. दुसरे पाठ्यपुस्तकातले: जोडाक्षरांशी झगडणारी, घरातल्या फजितीच्या गोष्टी सांगणारी भोळी गृहिणी. दोन्ही चित्रे गोड आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. दोहोंतून बाईंचा निर्णय तेवढा गळून पडला आहे.

१८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. पदरी लहानगा दत्तू होता, दु:ख अनावर होते, लोकांची बोलणी होती. तरीही त्या आपल्या माणसांत, आपल्या धर्मात राहिल्या. पुढे पतीकडे परतल्या, तेव्हाही त्यांनी सोवळे सोडले नव्हते. संसार एक आणि स्वयंपाक वेगळा, असे दिवस त्या घराने पाहिले. बाईंचा बाप्तिस्मा झाला तो १९०० साली. मधली पाच वर्षे ही आज्ञाधारक पत्नीची वर्षे नव्हेत. ती स्वत:च्या विवेकाला उत्तर देणाऱ्या स्त्रीची वर्षे आहेत. अशा स्त्रीला सावली म्हणणे हा तिच्या श्रद्धेचाच अवमान आहे, असे आम्ही मानतो. सावलीला उशीर करता येत नाही. लक्ष्मीबाईंनी केला, आणि म्हणूनच त्यांचे येणे खरे ठरले.

त्या उशिरात काय घडले? ज्या घरात वडिलांच्या सोवळ्यापायी मीठसुद्धा धुतले जाई, त्या घरची ही मुलगी एके दिवशी स्वत:लाच विचारती झाली, की जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर मिळाले आणि त्यांनी शिवाशीव सोडली. बाप्तिस्मा त्यानंतरचा. हा क्रम वाचकांनी ध्यानात घ्यावा. आधी पंक्तिभेद गेला, मग ख्रिस्त आला.

आणि आपण? पिढ्यान् पिढ्या स्नानसंस्कार घेऊन, एकाच वेदीवरची भाकर वाटून घेऊन, लग्न जुळवताना मात्र ‘आपल्यातला’ आणि ‘त्यांच्यातला’ असा हिशेब मांडतो. कोणत्या आळीचा, कोणत्या बोलीचा, पूर्वजांचा धंदा कोणता, हे विचारल्याशिवाय आपल्याला सोयरीक सुचत नाही. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्म्यापूर्वी जे टाकले, ते आपण बाप्तिस्म्यानंतरही जपून ठेवले आहे. त्यांच्या विनोदाला हसणे सोपे आहे. या प्रश्नासमोर उभे राहणे अवघड. म्हणून तर आपण विनोदच तेवढा लक्षात ठेवला नसेल ना?

काहीजण म्हणतील, त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या. नव्हत्याच. टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रैस्तैक्याचा आदेश १९६४ साली दिला, त्यालाही आता साठ वर्षे उलटून गेली. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या ख्रिस्तपुराणाचा आपण अभिमान बाळगतो आणि तो रास्तच आहे. परंतु टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ किती घरांत ठाऊक आहे? १९१९ साली टिळक गेले तेव्हा त्याचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. पुढचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या विधवेने मराठीत ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य पुरे करत आणले, आणि आपण तिला ‘टिळकांची पत्नी’ म्हणून मोकळे होतो!

येथे त्यांच्या कुटुंबाची आठवण केली पाहिजे, कारण आपण जे करीत नाही ते त्या कुटुंबाने केले. पुत्र देवदत्त यांनी वडिलांच्या चरित्रासाठी आईकडे आठवणी मागितल्या. आईने लिहावयास घेतले, आणि पतीच्या चरित्राची सामग्री म्हणून सुरू झालेले लेखन तिचे स्वत:चे पुस्तक झाले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला. १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या, तेव्हा अखेरचा भाग पुरा करण्याचे काम देवदत्तांनी केले. पुढे नातू अशोक टिळक यांनी ग्रंथाची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. त्या पानांत पतीविषयी अपार माया आहे, आणि त्यांच्या तापटपणाविषयी, विसरभोळेपणाविषयी, घरचे उचलून दुसऱ्याला देऊन टाकण्याविषयी तक्रारही आहे. मुलाने आणि नातवाने तिला सोज्ज्वळ करण्यासाठी ती खोडून टाकली नाही. आईवरचे प्रेम म्हणतात ते हेच. तिला बोलू द्यावे, आणि ती बोलली तसेच जपावे.

आमचे मागणे मोठे नाही. लक्ष्मीबाईंचे स्मरण करावयाचे तर त्यांच्या तसबिरीला हार घालू नये. त्यांचे पुस्तक घरात मोठ्याने वाचावे. आणि पुस्तक मिटल्यावर, घरात जी आई, आजी, आत्या अजून हयात आहे, तिच्याजवळ वही घेऊन बसावे. तिच्या बोलीत, तिच्या शब्दांत, तिच्या रागालोभासकट लिहून घ्यावे. तिला जोडाक्षरे येत नसतील तर ती आपल्याला येतात. नाहीतर तिच्या अंत्यविधीच्या दिवशी आपल्या हाती पुन्हा तीच चार विशेषणे असतील, आणि त्यांवर नाव तेवढे तिचे असेल.